मुलुंडचा व्हायोलेट रॅक: खतापाण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

कालिंपाँगहून मागवलेल्या आफ्रिकन व्हायोलेटचं, म्हणजे घरात वाढवायच्या छोट्या फुलझाडांचं, पार्सल एकदाचं आलं. झाडं मातीशिवाय पाठवतात, मुळांना ओलं मॉस, वर कागद, आणि पानं अशी मऊ पडलेली की सासूबाई म्हणाल्या "अगं हे पालकाच्या जुडीसारखं दिसतंय, पैसे परत मागून घे". पण गाभा हिरवा आणि घट्ट आहे, बाहेरची पानं गेली तरी चालतील, ती तशीही काढायचीच होती.

रॅक बेडरूमच्या पूर्वेकडच्या भिंतीला. खिडकीतून फार प्रकाश येत नाही कारण समोर रीडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहतोय, म्हणून प्रत्येक फळीला लोहार चाळीतून आणलेली वीस वॅटची एलईडी ट्यूब, पानांपासून साधारण फूटभर वर, टायमरवर बारा तास. रात्री पूर्ण अंधार, या झाडाला फुलं येण्यासाठी अंधारही लागतो, त्यामुळे नवऱ्याला सांगून ठेवलंय की रात्री उशिरा लॅपटॉप घेऊन इथे बसून ट्यूब लावायची नाही.

कुंड्या तीन इंची प्लास्टिकच्या, मोठ्या मुद्दाम घेतल्या नाहीत. कुंडीचा व्यास झाडाच्या पसाऱ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश पुरतो, मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत आणि पाणी नुसतं साठून राहतं. मिश्रण निम्मं कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, निम्मं परलाइट म्हणजे फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे. कोकोपीटची वीट भिजवून पाणी गाळलं आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा एवढा वर गेला की परत परत धुवावं लागलं. नारळाच्या सोडणात मीठ असतंच, सोडणं खारट पाण्यात कुजवली असतील तर आणखी. धुतल्यावर कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ पाण्यात रात्रभर ठेवलं, त्याने चिकटून बसलेलं सोडियम-पोटॅशियम सुटतं, मग पुन्हा धुतलं. बाथरूमची जाळी तुंबली. घरात त्यावर चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.

या वहीचा उद्देश एवढाच की मुंबईत या झाडाला काय आणि किती खायला घालायचं. जे काही वाचायला मिळतं ते सगळं थंड देशांतलं, जिथे घरातलं तापमान वर्षभर वीस-बावीसला असतं. आपल्याकडे वीस-बावीस म्हणजे जानेवारीतली पहाट.

पार्सलातून आलेल्या झाडाला लगेच खत नाही. नवीन पान हलताना दिसलं की मग.

१९ जानेवारी

खतांची जमवाजमव. मामा कर्जतला भाजी करतात, त्यांच्याकडून विद्राव्य खतांच्या पिशव्यांमधून थोडं थोडं बरणीत आणलं: एकोणीस-एकोणीस, तेरा-शून्य-पंचेचाळीस, बारा-एकसष्ट आणि कॅल्शियम नायट्रेट. हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे क्रमाने टक्के. मामा म्हणाले "लिटरला पाच ग्रॅम टाक, बिनधास्त". ते टोमॅटोच्या फवारणीचं माप, उघड्या शेतातलं. व्हायोलेटवाल्यांचं जगभर चालत आलेलं माप आहे गॅलनला पाव टीस्पून, प्रत्येक पाण्याबरोबर. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, पाव टीस्पून म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. मामांच्या मापाच्या पंधरा-सोळाव्या भागाएवढं. हा आकडा ऐकून मामा हसले आणि म्हणाले "मग खत कशाला, खताची गोष्टच सांग त्याला".

०.३ ग्रॅम किचनच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून स्टॉक, म्हणजे आधी घट्ट द्रावण करून ठेवायचं. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम खत, त्यातलं १० मिली एक लिटर पाण्यात. १० मिली मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण, त्यावर ५ आणि १० च्या रेघा असतातच. मी नोकरीत दिवसभर पिपेट धरते, तरी सांगते की घरी हे झाकण पुरेसं आहे.

आता प्रश्न युरियाचा. एकोणीस-एकोणीसमधला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात, पण धुतलेल्या कोकोपीटमध्ये असे जिवाणू सुरुवातीला कमीच, आणि व्हायोलेटची मुळं केसासारखी बारीक. म्हणून व्हायोलेटवाले युरिया नको म्हणतात. काही जण म्हणतात एवढ्या पातळ मापात काही फरक पडत नाही. बघूया म्हटलं.

तीन गट केलेत, कुंडीला रंगीत टिकल्या लावून:

लाल टिकली: एकोणीस-एकोणीस, लिटरला ०.३ ग्रॅम.

निळी टिकली: माझं मिश्रण. एका बाटलीत १०० मिलीला २ ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि १ ग्रॅम बारा-एकसष्ट, दुसऱ्या बाटलीत १०० मिलीला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दोन्हीतलं एकेक झाकण लिटरभर पाण्यात. नायट्रोजन लाल टिकलीएवढाच पडतो, युरिया शून्य. दोन्ही स्टॉक एका बाटलीत कधीच नाही, कॅल्शियम आणि फॉस्फेट घट्ट द्रावणात भेटले की पांढरा गाळ खाली बसतो आणि तो झाडाच्या कामाचा नाही. लिटरभर पाण्यात पातळ झाल्यावर भेटले तर चालतं.

पिवळी टिकली: सासूबाईंचा गट. गांडूळखत मूठभर आणि नुसतं पाणी. "केमिकल घालून फुलवायचं तर प्लास्टिकचीच फुलं आण ना" हे त्यांचं म्हणणं.

वरची फळी जास्त तापते म्हणून तिन्ही रंग प्रत्येक फळीवर विखुरलेत.

९ फेब्रुवारी

नवीन पानं निघाली, खत सुरू केलं. दोनतीन झाडांना कळ्यासुद्धा, पण त्या तिकडूनच पोटात घेऊन आल्या असणार, त्याचं श्रेय मी घेणार नाही.

समोरच्या काकू येऊन गेल्या. त्यांच्याकडे एक व्हायोलेट आहे, पानं हिरवीगार, मोठी मोठी, लांब देठाची, वर हात केल्यासारखी उभी, फूल एक नाही. त्यांनी "फुलांचं खत" म्हणून स्फुरद जास्त असलेली बाटली आणली आणि आता डोस वाढवू का विचारत होत्या. मी म्हटलं काकू, बाटली बंद करा आणि कुंडी हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या शोकेसवरून उचलून खिडकीत ठेवा, ऊन थेट नको, पडदा असू दे. पान उभं राहून देठ लांबवतंय म्हणजे उजेड शोधतंय. उलट पानं कुंडीला मिठी मारून खाली वळली आणि फिक्कट पडली तर उजेड जास्त. फूल उजेडातून येतं, खत फक्त त्याला कमी पडू देत नाही. हे बहुतेकांना पटत नाही कारण खिडकीतला उजेड विकत आणता येत नाही, बाटली आणता येते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

फेब्रुवारीतच उष्णतेचा इशारा! दुपारी रॅकजवळचं थर्मामीटर बत्तीसच्या पुढे. या झाडाला अठरा ते सव्वीस-सत्तावीस आवडतं, तीसच्या वर ते नुसतं तग धरतं. वाढ थांबते पण पाणी उडत राहतं, म्हणजे कुंडीतलं पाणी जातं आणि खताचं मीठ मागे राहतं. म्हणून आजपासून सगळ्यांना खत निम्मं, लिटरला अर्धं झाकण, आणि ट्यूबचा टायमर पहाटे चारला सुरू, दुपारी चारला बंद. बारा तास तेवढेच, पण घर सगळ्यात तापलेलं असतं तेव्हा निदान संध्याकाळी तरी ट्यूबची भर नको.

सुट्टी होती म्हणून या झाडाच्या मूळ गावाबद्दल लिहून ठेवते. टांझानियातले उसांबारा डोंगर आणि त्यांच्या आसपासचा, केनियापर्यंतचा पट्टा. तेव्हा तो भाग जर्मनांच्या ताब्यात होता, तिथला जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल याने घरी वडिलांना हे झाड पाठवलं आणि हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हरमान वेंडलांडने १८९३ मध्ये त्याचं नाव ठेवलं सेंटपॉलिया आयोनान्था. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही, कुळच वेगळं. २०१५ पासून तर शास्त्रज्ञांनी सेंटपॉलियाला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये घातलंय, पण दुकानात कोणी तसं म्हणत नाही.

मला त्यातलं कामाचं वाटलं ते हे की जंगलात ते सावलीतल्या खडकांच्या फटीत वाढतं, जिथे मूठभर पाचोळ्याची माती साठलेली असते. पाऊस येतो, धुऊन जातो, अन्न कायम थोडंथोडंच. लिटरला ०.३ हे माप म्हणून पटतं. त्याला भूक आहे पण एका वेळी पोटभर जेवायची सवय नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी धुलाई.

कुंडीच्या काठावर पांढरट-तपकिरी खर दिसायला लागली होती. जिथे खालच्या पानाचा देठ काठाला टेकतो तिथे देठावर तपकिरी चट्टा, आणि एक-दोन पानं त्याच जागी मऊ होऊन गळाली. हे खताच्या मिठाचं काम. बशीतून खालून पाणी दिलं की पाणी वर चढतं, वरून उडतं आणि मीठ वरच्या थरात आणि काठावर जमतं. त्यामुळे महिन्यातून एकदा वरून साधं पाणी.

पद्धत: कुंडी सिंकमध्ये, घरात रात्रभर ठेवलेलं पाणी बारीक चोचीच्या बाटलीने पानांखालून, गाभ्यात न पडू देता, कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट हळूहळू ओतायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. पहिलं निथळलेलं पाणी चहाच्या रंगाचं आलं, मीटरवर हजाराच्या जवळ. शेवटचं दोनशेच्या खाली. आमच्या नळाचं पाणी साठ-सत्तर असतं. तलावांचं पाणी असल्यामुळे मुंबईकर या बाबतीत नशीबवान आहेत, ज्यांच्या सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं त्यांनी मात्र आधी मीटर बुडवून बघावं, नाहीतर खताच्या आधी पाण्यातूनच मीठ चाललेलं असतं.

मातीच्या दोन कुंड्या आहेत त्यांच्या काठाला किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. दिसायला तिळगुळाच्या डब्यासारखी दिसते पण देठ वाचतात.

१३ एप्रिल

पिवळ्या टिकलीच्या कुंड्यांमधून चिलटं. ट्यूब लागली की रॅकभोवती घिरट्या. गांडूळखत बागेत उत्तम, मी गॅलरीतल्या जास्वंदीला तेच घालते, पण तीन इंची कुंडीत ते ओलं राहतं, गच्च बसतं आणि चिलटांच्या अळ्यांना मेजवानी मिळते. पानांचा रंग मात्र पिवळ्या गटाचा अजूनही सुंदर आहे, हे सासूबाईंनी लिहायला लावलंय आणि ते खरं आहे.

त्यांचा पुढचा प्रस्ताव केळ्याच्या सालीचं पाणी. मी म्हटलं "अहो आई, त्यात पोटॅशियम येतं थोडं, पण साखरही येते, म्हणजे परत चिलटं." मग तांदळाचं धुवण, मग चहाची पत्ती. शेवटी तह झाला: धुवण आणि पत्ती गॅलरीला, रॅकला हात लावायचा नाही, आणि पिवळ्या गटाला पुढच्या वेळी मिश्रण बदलताना गांडूळखत बंद करून निळ्या गटात घ्यायचं. चिकट पिवळे कार्ड टांगलेत, वरचा थर सुकू देतोय.

१८ मे

खत पूर्ण बंद. सगळ्यांना फक्त पाणी, तेही वरचा थर कोरडा लागला की. ट्यूब दहा तासांवर आणल्या, कळ्या दिसल्या की खुडून टाकतेय. ऐकायला क्रूर वाटतं पण या गरमीत फुलांवर खर्च करण्याएवढं झाडाकडे नाही.

वातीवरच्या कुंड्यांच्या वाती काढल्या. नायलॉनच्या दोरीची वात कुंडीतून खालच्या डब्यात सोडली की झाड हवं तेवढं पाणी ओढतं, बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी फार सोयीचं, सुती दोरी मात्र कुजते. पण ही सोय थंडीतली. मे महिन्यात मुळं सतत ओली आणि गरम राहिली की सडतात, आणि एकदा सडली की झाड पाण्यात असूनही सुकल्यासारखं लोळतं, मग माणूस आणखी पाणी घालतो.

आज एका झाडाच्या पानांवर पिवळट गोल रेघा उठल्या, जणू कोणी नकाशा काढलाय. रोग नाही. चिरंजीवांनी परवा फ्रिजच्या बाटलीतलं उरलेलं पाणी "झाडाला गार वाटावं" म्हणून वरून ओतलं होतं. गरम पानावर गार पाणी पडलं की वरच्या थरातल्या पेशी फुटतात आणि तो डाग पान जाईपर्यंत राहतो. पाणी पानावर पडल्याने काही होत नाही, पाण्याच्या आणि पानाच्या तापमानात फरक असला तर होतं. उलट टाकीचं दुपारचं पाणी चहा करायच्या लायकीचं असतं, तेही थेट नको. पाणी कायम आदल्या रात्री भरून घरात ठेवलेलं.

२६ मे

पाऊस आला! मुंबईत मान्सून इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणे. ऑफिसातून येताना गाड्यांचे हाल, पण घरी थर्मामीटर अठ्ठावीस.

२९ जून

गरमी गेली आणि ओल आली. टेबलफॅन रॅकच्या बाजूला, झाडांवर थेट नाही, हवा फक्त हलती राहायला पाहिजे.

लाल टिकलीचं एक झाड गेलं. गाभा काळा, बोट लावलं तर लोळागोळा. बाहेरची पानं धडधाकट होती म्हणून ती वाचवली: देठ दोन-तीन सेंटीमीटर ठेवून धारदार ब्लेडने तिरका काप, दह्याच्या रिकाम्या कपात परलाइट आणि थोडं कोकोपीट, त्यात देठ जेमतेम उभा राहील एवढाच खोचला, वर पारदर्शक पिशवी. इथे खत अजिबात नाही, मुळंच नाहीत तर खाणार कोण. दीड-दोन महिने आता बघत बसायचं.

गेलेलं झाड साध्या जांभळ्याचं होतं म्हणून पानातून तेच परत येईल. माझ्याकडे एक पाकळीवर मधोमध पट्टा असलेलं आहे, कायमेरा म्हणतात, त्याचं पान लावलं तर पट्टा बहुतेक येत नाही, त्याला बाजूच्या पिल्लापासून किंवा फुलाच्या दांड्यापासूनच वाढवावं लागतं. म्हणूनच ती महाग विकतात. कोणी "पान देतो स्वस्तात" म्हणालं तर कायमेराचं पान घेऊ नका.

बाकीच्यांना खत परत सुरू, अर्धं झाकण.

१७ ऑगस्ट

दह्याच्या कपात देठापाशी हिरवे कान उगवलेत! एका देठाला चार-पाच पिल्लं. सासूबाई रोज सकाळी देवपूजेनंतर पिशवी उचलून बघतात, त्यांना सांगितलंय की बघा पण ओढू नका. पानं रुपयाच्या नाण्याएवढी झाली की वेगळी करायची. आता अर्ध्या झाकणाने खत, आणि पिल्लांना लाल बाटलीतलं नाही, निळंच.

मोठ्या झाडांना पूर्ण झाकण. गॅलरीतल्या कुंड्या पावसात वाहून जातायत, आत मात्र सगळं व्यवस्थित.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, घर रिकामं रिकामं, आज रॅककडे बघायला वेळ मिळाला.

लाल आणि निळा यात थंडीत मला काही फरक दिसला नव्हता, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. फरक मार्चनंतर दिसला: लाल गटात पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, काठावरची खरही जास्त. गरमीत मुळं अशक्त असताना युरिया-अमोनियाचा मार जास्त बसतो असा माझा अंदाज. झाडं थोडी आहेत, त्यामुळे याला प्रयोग म्हणवत नाही, पण मी स्वतः आता निळंच वापरणार. ज्यांना दोन बाटल्यांची कटकट नको त्यांनी एकोणीस-एकोणीस याच मापात वापरावं आणि मार्च ते मे ते द्यायचंच विसरावं.

एका झाडाचा गाभा आवळला होता, मधली पानं छोटी आणि एकमेकांत घुसलेली. अशा वेळी दोन शक्यता. खत जास्त झालं असेल तर गाभ्यातल्या केसांवर नारिंगी-तपकिरी खडे दिसतात, भिंगातून तर चक्क खडीसाखरेसारखे चमकतात, आणि दोन-तीनदा धुतल्यावर पुढची पानं नीट येतात. सायक्लामेन माइट नावाचा कोळी लागला असेल तर मधली पानं राखाडी, जास्त केसाळ, वेडीवाकडी, ठिसूळ, आणि धुऊन काही होत नाही, तो कोळी इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाही. तसं झाड सरळ पिशवीत बांधून कचऱ्यात आणि हात धुऊन मगच दुसऱ्याला हात लावायचा. माझ्याकडे खडे होते. धुतलं, खत बंद, नवी पानं आता सपाट येतायत.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांचं मिश्रण बदललं. खालची जुनी पानं गळून बऱ्याच झाडांना मान आली होती, ताडाच्या झाडासारखी. मान चमच्याच्या कडेने हलकी खरवडायची, मुळांचा तळ तेवढाच कापायचा आणि झाड खाली बसवून मान मिश्रणात गाडायची, तिथून नवीन मुळं फुटतात. कुंडी तीच, मोठी नाही. त्यानंतर तीन-चार आठवडे खत नाही. पिवळ्या टिकल्या काढून निळ्या लावल्या, सासूबाईंनी स्वतः लावल्या.

काकूंच्या खिडकीतल्या व्हायोलेटला फुलं आलीत, बाटली अजून बंदच आहे. त्यांना दोन पिल्लं आणि स्टॉकच्या दोन छोट्या बाटल्या दिल्या, झाकणावर मार्करने लिहून: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण झाकण, उकाडा सुरू झाला की अर्धं, मे मध्ये नाही, पाऊस सुरू झाला की अर्धं, मग परत पूर्ण, आणि महिन्यातून एकदा वरून साधं पाणी. काकूंनी विचारलं दोन्ही एकत्र ओतून एकच बाटली ठेवली तर. सांगितलं गाळ बसेल. परलाइट संपत आलंय, पुढच्या रविवारी आणायचं.